शेतातील बिनतारी उपकरणे : अँटेना, केबल व जोडणी यांची ओळख आणि निगा

विजेचे पंप शेतीत आले तेव्हा शेतकऱ्यास फ्यूज, स्टार्टर आणि मोटर यांची ओळख करून घ्यावी लागली. ठिबक संच आले तेव्हा गाळणी, पाण्याचा दाब आणि तोट्या यांचे ज्ञान आवश्यक झाले. आता मोबाईलवरून चालू-बंद होणारे पंपाचे स्टार्टर, जमिनीतील ओलावा कळविणारे संवेदक आणि स्वयंचलित हवामान केंद्रे शिवारात येऊन पोहोचली आहेत. ही सर्व उपकरणे आपला निरोप रेडिओ लहरींच्या द्वारे पाठवितात. यास्तव त्या लहरी ज्या वाटेने बाहेर पडतात व आत येतात त्या वाटेची, म्हणजे अँटेना, केबल आणि जोडणी यांची, थोडी माहिती करून घेणे आता गरजेचे झाले आहे.

या तीन वस्तूंची किंमत संपूर्ण यंत्राच्या मानाने अल्प असते. तथापि यंत्र "बंद पडले" अशी तक्रार येते तेव्हा दोष पुष्कळदा यंत्रात नसून या तीन वस्तूंपैकी एकीत असतो. त्याचे परिणाम मात्र किरकोळ नसतात. जेथे अद्याप रात्रपाळीने वीज मिळते तेथे मोबाईल स्टार्टरचा संदेश पोहोचला नाही, तर शेतकऱ्यास मध्यरात्री विजेरी घेऊन बांधावरून विहिरीकडे जावे लागते. अंधार, ओली जमीन, विंचू-सर्प आणि विजेची तार यांच्याशी त्याची गाठ पडते. ते टाळावे म्हणूनच त्याने स्टार्टरवर पैसे खर्च केलेले असतात.

थोडा पूर्वेतिहास

खेड्यातील शेतकऱ्याचा अँटेनाशी संबंध नवा नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी ती योजना होती.

त्यानंतर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांसाठी तो योजला होता. एटीएस-६ हा अमेरिकेचा उपग्रह ८६० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर कार्यक्रम पाठवीत असे. गावात ते कार्यक्रम घेण्यासाठी सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी उभारली जाई आणि ती कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची केलेली असे.

भोके असलेल्या जाळीतून लहरी निसटून कशा जात नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर लहरीच्या लांबीत आहे.

लहरीची लांबी

रेडिओ लहर सेकंदास सुमारे ३० कोटी मीटर या वेगाने जाते. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येने भागले असता लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ८६० मेगाहर्ट्झची लहर या हिशेबाने सुमारे ३५ सेंटिमीटर लांब होते. जाळीची भोके तिच्या मानाने फारच लहान असल्याने लहरीस ती जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते.

हा हिशेब आजही उपयोगी पडतो. शेतातील अनेक बिनतारी संवेदक ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. अल्प शक्तीच्या उपकरणांना या पट्ट्यात परवान्याची अट २००५ पासून लागू नाही. २०२१ साली ही सवलत ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आली. या पट्ट्यातील लहरही सुमारे ३५ सेंटिमीटरचीच आहे. साध्या उभ्या दांडीच्या अँटेनाची लांबी लहरीच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे येथे साधारणपणे साडेआठ सेंटिमीटर लागते.

यावरून अँटेना विशिष्ट मापाची का असते हे कळून येईल. लांब दांडी म्हणजे चांगली अँटेना हा समज बरोबर नाही. ४३३ मेगाहर्ट्झसाठी केलेली अँटेना ८६६ मेगाहर्ट्झच्या यंत्रास लावणे योग्य नव्हे. मोबाईल स्टार्टरची गोष्टही तशीच आहे. मोबाईल कंपन्या ८५०, ९००, १८००, २१०० इत्यादी निरनिराळे पट्टे वापरतात. आपल्या सिमकार्डाचा पट्टा अँटेनेच्या माहितीपत्रकात नमूद आहे काय, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

केबल : पाटाचे पाणी आणि पाझर

यंत्र व अँटेना यांना जोडणारी केबल ही साधी विजेची तार नव्हे. तिच्या मध्यभागी तांब्याची तार असते. तिच्याभोवती प्लास्टिकचा जाड थर, त्यावर धातूची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण असते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड या शास्त्रज्ञाने १८८० साली अशा समाक्ष, म्हणजे एकात एक बसविलेल्या, रचनेचे पेटंट घेतले होते. रेडिओ लहर मधली तार व जाळी यांच्यामधील जागेतून प्रवास करते. सबब केबल चेपली, खिळ्याने दाबली किंवा काटकोनात मोडली, तर मधली तार तुटली नसली तरी लहरीची वाट बिघडते.

मातीच्या पाटाने पाणी नेले असता वाटेत काही पाणी झिरपून जाते, त्याचप्रमाणे केबलमधून जाताना लहरीची शक्ती घटत जाते. ही घट डेसिबल या मापाने मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे निम्मी शक्ती उरली, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला आणि २० डेसिबल म्हणजे शंभरावा हिस्सा उरला, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

बाजारात मिळणाऱ्या काही केबलींची ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची घट स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असते.

आरजी-१७४ : जाडी सुमारे ३ मिलिमीटर, दर मीटरला सुमारे १ डेसिबल.

आरजी-५८ : जाडी ५ मिलिमीटर, दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल.

आरजी-६, म्हणजे दूरचित्रवाणीच्या छत्रीची केबल : जाडी सुमारे ७ मिलिमीटर, दर मीटरला सुमारे एक-पंचमांश डेसिबल.

एलएमआर-४०० : जाडी सुमारे १० मिलिमीटर, दहा मीटरला सुमारे सव्वा डेसिबल.

दहा मीटर अंतर जाताना आरजी-१७४ मधून शक्तीचा दहावा हिस्सा, आरजी-५८ मधून एक-तृतीयांश आणि एलएमआर-४०० मधून सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती पलीकडे पोहोचते. मोबाईल स्टार्टरसोबत येणारी बारीक केबल बहुधा पहिल्या प्रकारची असते. दोन-तीन मीटरपर्यंत तिचा उपयोग करण्यास हरकत नाही. पण संदेश नीट येत नाही म्हणून तिलाच दहा मीटरची जोड देऊन अँटेना झाडावर चढविली, तर उंचीने मिळविलेले केबलीत गमावले जाते. कित्येक वेळा पूर्वीपेक्षाही वाईट स्थिती होते.

पन्नास व पंचाहत्तर ओहम

केबलीवर ५० ओहम किंवा ७५ ओहम असा उल्लेख आढळतो. हा आकडा तारेचा साधा विरोध दर्शवीत नसून लहरीच्या वाटेचे वैशिष्ट्य दर्शवितो. यंत्र, केबल आणि अँटेना या तिन्हींचा आकडा सारखा असावा हे उत्तम. नळाचा व्यास मध्येच बदलला असता प्रवाहास धक्का बसतो, तशी येथे काही लहर मागे परतते. स्टार्टर आणि संवेदक यांचा आकडा बहुतेक ५० असतो, तर दूरचित्रवाणीच्या केबलीचा ७५ असतो.

तथापि हा दोष वाटतो तितका मोठा नाही. ५० वरून ७५ वर जाताना अशा एका सांध्यापाशी केवळ ४ टक्के शक्ती परत फिरते. दहा-पंधरा मीटर अंतर असेल आणि ५० ओहमची जाड केबल मिळत नसेल, तर बारीक आरजी-१७४ वापरण्यापेक्षा आरजी-६ वापरणे फायद्याचे ठरते. अडचण येते ती तिची टोके नीट जोडण्याची. या केबलीची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असल्याने तिला साधे डाख लागत नाही. टोकावर दाबून बसविण्याचा योग्य कनेक्टर आणि त्याचे हत्यार असेल तरच हा मार्ग धरावा.

जोडणी : लहान वस्तू, मोठा दोष

कनेक्टर म्हणजे केबलीच्या टोकाची जोडणी. शेतातील उपकरणांत प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. यंत्राच्या पेटीवर बारीक आट्यांचा 'एसएमए' असतो. उघड्यावरील मोठ्या अँटेनांना जाड आट्यांचा 'एन' असतो. छत्रीच्या केबलीस 'एफ' असतो. यांपैकी उघड्यावर वापरण्यास 'एन' प्रकार अधिक योग्य आहे, कारण त्यात पाणी रोखणारे रबरी कडे बसविलेले असते.

एसएमए जोडणीत एक फसगत संभवते, तिची माहिती कार्यकर्त्यांनी अवश्य करून घ्यावी. याच मापाचा 'आरपी-एसएमए' नावाचा दुसरा प्रकार बाजारात मिळतो. आटे तंतोतंत तेच, पण मधील टाचणी व छिद्र यांची अदलाबदल केलेली असते. दोन्ही प्रकार एकमेकांवर सहज फिरून घट्ट बसतात. मात्र आत छिद्रासमोर छिद्र आले तर मधल्या तारेचा संबंधच जुळत नाही आणि टाचणीसमोर टाचणी आली तर ती वाकते किंवा मोडते. बाहेरून सर्व काही व्यवस्थित दिसते, पण संदेश जात नाही. म्हणून जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडांत डोकावून एका बाजूस टाचणी व दुसऱ्या बाजूस छिद्र आहे, याची खात्री करून घ्यावी. आटे बोटांनी बसवावेत व शेवटी पान्याने हलकेच आवळावेत.

जोडणीत शिरणारे पाणी हा दुसरा मोठा शत्रू होय. पावसाचे पाणी जाळीत एकदा शिरले की ते केशाकर्षणाने आत सरकत जाते, तांबे काळे पडते आणि केबल निकामी होते. उन्हाळ्यात ठीक चालणारे यंत्र पावसाळ्यात मुके होते, त्याचे कारण बहुधा येथे सापडते. यावर उपाय सोपा आहे. ताणून गुंडाळली असता एकजीव होणारी रबरी पट्टी सांध्यावर खालून वर गुंडाळावी, म्हणजे छपराच्या कौलांप्रमाणे वरचा थर खालच्यावर येतो. तिच्यावर उन्हापासून रक्षणासाठी साध्या विद्युत पट्टीचा एक थर द्यावा. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते व पेटीत उतरत नाही.

अँटेना शक्ती निर्माण करीत नाही

"जास्त गेनची अँटेना" या शब्दांनी पुष्कळांचा गैरसमज होतो. अँटेना नवी शक्ती निर्माण करीत नाही. कंदिलामागे आरसा ठेवला असता प्रकाश एका बाजूस एकवटतो, तसे ती मिळालेल्या शक्तीचे वाटप करते. उभी दांडी चोहोबाजूंस सारखी पसरविते, परंतु तिच्या अगदी वर व खाली लहर अल्प जाते. म्हणून अशी अँटेना उभीच ठेवावी, आडवी पाडू नये. पाठविणारी उभी आणि घेणारी आडवी असेल, तर पोहोचणारी शक्ती शंभरपटीपर्यंत घटू शकते.

एकाच दिशेस लहर पाठवावयाची असेल तर आडव्या काड्यांची अँटेना वापरतात. घरांच्या छपरांवर एके काळी ती सर्वत्र दिसे. जपानमधील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती जगापुढे मांडली. पाच-सहा काड्यांची यागी अँटेना साध्या अँटेनेच्या सुमारे पाचपट शक्ती एका दिशेस एकवटते. मनोरा दूर व एकाच बाजूस असेल तेथे ती उपयुक्त ठरते, मात्र तिची दिशा नीट साधावी लागते.

चुंबकाच्या बैठकीवरील लहान अँटेनेस खाली लोखंडी पत्रा लागतो. लाकडी खांबावर किंवा भिंतीवर ती तशीच चिकटविल्यास तिचे अर्धे अंगच नाहीसे होते. वीतभर लांब-रुंद पत्र्याचा तुकडा खाली ठेवल्याने पुष्कळ फरक पडतो. स्टार्टरच्या लोखंडी पेटीच्या आत मात्र अँटेना कधीही ठेवू नये. जाळीची थाळी लहर अडविते, तशी ती पेटीही अडविते.

उभे पीक वाढते तेव्हा

आता एक नेहमीचा प्रसंग विचारात घेऊ. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये झाली. त्याच वेळी ओलाव्याचा संवेदक गुडघाभर उंचीच्या खुंटीवर बसविला. चारशे मीटरवरील घराच्या छपरावर घेणारे यंत्र आहे. सुरुवातीस सर्व आकडे नियमित येतात. पुढे ऊस वाढतो, आकडे अधूनमधून गळू लागतात आणि मार्च ते मे या काळात, म्हणजे पिकास पाण्याची निकड सर्वांत अधिक असते तेव्हाच, संवेदक मुका होतो. शेतकरी यंत्रास दोष देतो आणि पुन्हा अंदाजाने पाणी देऊ लागतो. पाणी कमी पडले तर कांड्या आखूड राहतात व जादा झाले तर जमीन बिघडते.

येथे यंत्र बिघडलेले नसते. पुरुषभर उंचीच्या हिरव्या उसात पाणी भरलेले असते आणि ते लहर शोषून घेते. दुसरे असे की, लहर दोरीसारख्या सरळ रेषेने जात नाही. ती मध्यभागी फुगलेल्या लांबट फुग्यासारखी जागा व्यापते. ८६६ मेगाहर्ट्झवर चारशे मीटरच्या अंतरात या फुग्याची मधोमध त्रिज्या सुमारे ६ मीटर, तर एक किलोमीटरच्या अंतरात सुमारे ९ मीटर होते. त्याचा किमान साठ टक्के भाग मोकळा असणे इष्ट असते. समोरचे छप्पर नुसते डोळ्यांस दिसते एवढ्याने भागत नाही.

यावर पहिला उपाय म्हणून बारीक केबल लांबवून अँटेना वर नेणे चुकीचे, हे वर पाहिलेच आहे. योग्य उपाय असा की, उसाच्या अंतिम उंचीहून किमान एक-दीड मीटर वर जाईल असा साडेचार मीटरचा लोखंडी नळ रोवावा आणि संवेदकाची पेटी अँटेनेसह त्याच्या शेंड्यावर बसवावी. जमिनीतील संवेदकापासून पेटीपर्यंतची साधी तार लांब झाली तरी चालते, कारण तिच्यातून रेडिओ लहर जात नसते. अँटेना नळाच्या टोकाच्या वर यावी. नळास चिकटून उभी केल्यास तोच नळ तिला आडवा येतो. घरावरील घेणारे यंत्रही शक्य तितके उंच करावे. हे काम लागणीच्या वेळीच करणे सोपे जाते. उभ्या उसात नळ रोवण्यास जागा राहत नाही.

विजेपासून सावधगिरी

मोकळ्या रानातील उंच नळ हा आकाशातील विजेस जवळचा होतो. तो जाड तारेने जमिनीस जोडावा आणि केबलीच्या वाटेवर वीजरोधक बसवावा. तरीही थेट कोसळणाऱ्या विजेपुढे कोणतेही यंत्र सुरक्षित नसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'दामिनी' ॲपवर विजेचा इशारा मिळतो. ढग गडगडू लागल्यावर केबल काढण्यास धावू नये. नळापासून दूर राहावे. नळ उभारताना वरून विजेची वाहिनी जात नाही हे प्रथम पाहावे. नळ कलला तरी तारेस लागणार नाही, इतके अंतर राखावे.

संदेश क्षीण येतो म्हणून मोबाईलचा "बूस्टर" विकत घेऊन बसविण्याचा मोह टाळावा. परवान्याविना असे यंत्र वापरणे बेकायदेशीर आहे. शिवाय त्यामुळे आसपासच्या सर्वांच्या संदेशांत अडथळा येतो.

तपासणीचा क्रम

यंत्र बोलत नसल्यास पुढील क्रमाने तपासावे. पंपाच्या पेटीस हात लावण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद करावा.

१. सिमकार्डाची मुदत, यंत्राचा वीजपुरवठा किंवा बॅटरी पाहावी.

२. अँटेना उभी आहे काय, तिच्याभोवती वेल अथवा नवे बांधकाम आले आहे काय, हे पाहावे.

३. सांधे उघडून हिरवा-काळा गंज व ओल पाहावी. टाचणी सरळ आहे याची खात्री करावी.

४. केबल दोन्ही बाजूंनी सोडवून मल्टिमीटर लावावा. मधली तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जुळलेली असावी, पण मधली तार आणि जाळी यांचा एकमेकींशी संबंध नसावा. उंदीर-घुशींनी कुरतडलेली केबल यात लगेच सापडते.

५. मोबाईलवर चालणारी अनेक उपकरणे संदेशाची शक्ती ० ते ३१ या अंकांत दाखवितात. त्यातील एक अंक म्हणजे २ डेसिबल. अँटेना हलविण्यापूर्वीचा व नंतरचा अंक लिहून ठेवावा. पाच अंक वाढले तर शक्ती दसपट झाली असे समजावे.

६. अँटेना काढलेली असताना यंत्र चालू करून संदेश पाठवू नये. बाहेर न पडलेली शक्ती परत फिरून यंत्रास इजा करण्याचा संभव असतो.

पावसाळ्यापूर्वी एकदा व पीक डोक्याबरोबर येण्यापूर्वी एकदा अशी वर्षातून दोन वेळा ही पाहणी केल्यास बहुतेक दोष आधीच सापडतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने मल्टिमीटर, रबरी पट्टीचे वेटोळे आणि लहान पाना आपल्या पिशवीत ठेवावा. केबल आखूड, सांधा कोरडा आणि अँटेना पिकाच्या वर, या तीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे शेतकऱ्याचा निरोप पंपापर्यंत पोहोचेल व त्याची रात्र घरी जाईल.